किल्ली कुणाकडे होती?

गावात कुणाच्या घरी चोरी झाली की पहिल्या तासाभरात जी नावं निघतात, ती कधी नीट ऐकलीत का? मी ऐकली आहेत. भांडी घासणारी बाई. सालगडी. गेल्या महिन्यात रंग द्यायला आलेला पोरगा. गावाबाहेर पालं टाकून राहिलेली माणसं. एवढी यादी संपली की मग, "कुणीतरी पाळतीवर असणार." ज्यांच्या हातात खरोखर घराची किल्ली असते, म्हणजे भाचे, पुतणे, जावई, शेजारी, "अगदी घरच्यासारखे" म्हणवणारे, त्यांची नावं या यादीत शेवटीसुद्धा येत नाहीत. नुसतं मनात आणणंही पाप वाटतं.

आणि मग एक दिवस कळतं की चोर किल्लीवालाच होता. त्यानंतर काय करायचं, यावर माझं मत बरेच दिवस डोक्यात घोळतंय. ते आज लिहून टाकते. सरळ सांगायचं तर असं: विश्वासातल्या माणसानं चोरी केली की ती "घरातल्या घरात" मिटवणं हा मनाचा मोठेपणा नाही. त्या मोठेपणाचे पैसे दुसराच कुणीतरी भरत असतो. माफ करायचं तर जरूर करा, पण आधी नाव उजेडात येऊ द्या.

हे वाचणाऱ्यांत माझे काही नातेवाईकही आहेत, हे मला माहीत आहे. त्यांना हे आवडणार नाही, हेही माहीत आहे. पण इथे गोडगोडच लिहायचं असं काही ठरलेलं नाही :-)

तर आधी काय झालं ते थोडक्यात.

माझं माहेर राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. थोडी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. आई-अण्णा दोघंच गावी. भाऊ-वहिनी संभाजीनगरला, मी पुण्यात. म्हणजे आजकाल निम्म्या मराठवाड्यात जी परिस्थिती आहे तीच. म्हाताऱ्या माणसांचं घर तिथे, आणि त्यांची काळजी करणारी माणसं दोनशे-चारशे किलोमीटरवर, फोनच्या दुसऱ्या टोकाला.

अशा घरांना एक "आपला माणूस" लागतो. औषधं आणून देणारा, गॅसचा नंबर लावणारा, बँकेत पासबुक भरून आणणारा, मोबाईलवरचा ओटीपी वाचून दाखवणारा. आमच्याकडे तो भावकीतलाच एक मुलगा होता, वय चोवीस. आईला "मोठीआई" म्हणायचा, मला "ताई". पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे रस्त्यावर पळून आला की आमच्याकडे चहा, दुपारी कधीकधी जेवण. आम्हां भावंडांना त्याचा आधार वाटायचा. खरं सांगायचं तर तो होता म्हणून आम्ही शहरात निवांत झोपत होतो.

गोष्ट 2024 च्या दिवाळीनंतरची. विधानसभा निवडणुकीची धामधूम चालू होती. सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये आणि मोंढ्यात भाव चार हजारांच्या आसपास, अशी त्या वर्षीची गत. तरी अण्णांनी देणी होती म्हणून माल विकला आणि 70 हजार रुपये घरात आणून ठेवले. मग अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोघं चार दिवस परभणीला गेले. देवाजवळ दिवा लावायला म्हणून किल्ली त्या मुलाकडे.

परत आले तेव्हा कुलूप जागच्या जागी. कडी-कोयंडा शाबूत. माळवदाच्या घरातली आतली खोली, तिथली लोखंडी पेटी, पेटीची किल्ली दिवळीत देवाच्या फोटोमागे. सगळं जिथल्या तिथे. फक्त पेटीतले पैसे, आईची बोरमाळ आणि पाटल्या नव्हत्या.

पुढच्या तासाभरात काय झालं ते वर लिहिलंच आहे. आमच्या घरी जमलेल्या माणसांनी दोन नावं घेतली. भांडीवाल्या मावशी आणि सालगडी. सालगडी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाडव्याला वर्षाचा करार ठरतो, थोडी उचल आधी मिळते, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या माणसाचा दिवस मालकाच्या शेतात उगवतो आणि तिथेच मावळतो. आमचा सालगडी गेली नऊ सालं आमच्याकडे आहे. तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मालक, अगुदर माझं घर बघा. मंग दुसऱ्याचं." आणि तो मुलगा, तो आपला "मोठीआई"वाला, तिथेच ओसरीवर बसून सगळ्यांना चहा देत होता.

अण्णांनी सालगड्याचं घर बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात गेले आणि तक्रार दिली. "संशय कुणावर?" या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं, "संशय कुणावर नाही. पण घरात कोण येऊ शकतं त्यांची यादी देतो." आणि वहीच्या कागदावर, शाळेत हजेरी लिहावी तशा सुवाच्य अक्षरात, नावं लिहून दिली. पहिलं नाव माझ्या भावाचं. दुसरं वहिनीचं. तिसरं माझं. मग भावकीतली चार नावं, त्यात त्या मुलाचं. सालगडी आणि भांडीवाल्या मावशी सगळ्यात खाली, कारण त्यांच्याकडे किल्ली कधीच नव्हती.

मला या यादीचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे संशयाची यादी नेहमी खालून वर जाते. सगळ्यात गरीब आधी, मग जरा बरा, मग बरा, आणि घरच्यांपर्यंत पोचायच्या आत थांबते. अण्णांनी ती किल्लीच्या हिशोबानं केली. कुणाचं मन कसं आहे हे आपल्याला दिसत नाही. किल्ली कुणाकडे होती, हे मात्र सांगता येतं.

दोनेक आठवड्यांत उलगडा झाला. बोरमाळ आणि पाटल्या तालुक्याच्या गावी एका सोनेतारण करणाऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या निघाल्या. तिथे आधार कार्ड लागतं, फोटो काढतात, सही घेतात. म्हणजे त्यानं चोरी केली ती स्वतःचं नाव-गाव लिहून देऊन! लवकर सोडवून परत पेटीत ठेवू, असं त्याच्या मनात होतं म्हणे. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात तो बुडाला होता. रमीपासून सुरू झालं, मग क्रिकेटवर पैसे, मग उसनवारी, मग ॲपवरचं कर्ज. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या असल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आमच्या घरापुरता तो उशिराच आला.

इथपर्यंतची गोष्ट तशी साधी. खरा प्रश्न यानंतर सुरू झाला.

भावकीची बैठक बसली. मीही गावी गेले होते. लेकीनं माहेरच्या भानगडीत पडू नये, हे दोघा-तिघांनी प्रेमानं सुचवलं. मी पडले. तिथे जे मुद्दे निघाले ते आमच्या भावकीचे म्हणून नाही, तर कुठल्याही घरात हेच निघतात म्हणून एकेक सांगते.

पहिला मुद्दा. "घरातलं घरात राहू द्या, कशाला चव्हाट्यावर?"

पण ते घरात होतंच कुठे? चोरी झाल्याचं पहिल्याच संध्याकाळी गावभर झालं होतं. दोन गरिबांची नावं पारापर्यंत पोचली होती. त्या दोन आठवड्यांत भांडीवाल्या मावशींची दुसरी दोन घरं सुटली. कुणी काही बोललं नाही, फक्त "उद्यापासून नको येऊ" एवढंच. सालगड्याच्या पोराला शाळेत कुणीतरी काहीतरी म्हणालं. चोरी चव्हाट्यावर आली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. चोर चव्हाट्यावर यायची वेळ आली तेव्हा मात्र इज्जत आठवली. आपण तेव्हा गप्प बसलो असतो तर त्या दोघांवरचा डाग जन्मभर राहिला असता. "गुरुजींच्या घरची चोरी? कुणी केली कधी कळलंच नाही बघा, पण ती बाई होती ना तेव्हा कामाला..." हे वाक्य पुढची वीस वर्षं चाललं असतं. गावाची स्मरणशक्ती अशीच असते.

दुसरा मुद्दा. "पोराचं आयुष्य बरबाद होईल. भरतीत चारित्र्य पडताळणी असते."

हा मुद्दा मला खरंच जड गेला, आजही जातो. आमच्या भागात चोवीस वर्षांच्या मुलासमोर वाटा किती असतात ते मला चांगलं माहीत आहे. पाऊस नीट नाही, शेती तुकड्यांची, कारखाना-कंपनी नाही. भरती हीच एक आशा. ती गेली तर मागे काय उरतं? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक विचारते. तीच चोरी सालगड्याच्या पोरानं केली असती, तर बैठकीत कुणी त्याच्या आयुष्याची काळजी केली असती का? तोही भरतीचीच तयारी करत असता तर? ज्या दयेला भावकीच्या बाहेरची वाट माहीत नाही, तिला दया म्हणावं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिसरा मुद्दा. "माल सापडला ना? मग झालं!"

सोनं सापडलं, रोख गेली ती गेलीच. पण कायद्याच्या बाजूनंही हे "झालं" इतकं सोपं नसतं. घरातल्या चोरीचा गुन्हा एकदा नोंदला गेला की फिर्यादीनं "मागे घेतो" म्हटलं म्हणून तो तिथेच संपत नाही. आणखी एक. बैठकीत एका काकांनी ठासून सांगितलं की कुलूप तोडलंच नाही, म्हणजे ही घरफोडी नाहीच, पोरानं फक्त "उचललं". मी नंतर हे कायद्यात शोधलं. 1860 च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीची व्याख्या होती, कलम 445. तिथे उदाहरणं दिलेली आहेत. त्यातलं एक असं की एखाद्याला दुसऱ्याच्या घराची हरवलेली किल्ली सापडते, त्या किल्लीनं कुलूप उघडून तो नको त्या हेतूनं आत शिरतो, तर तीसुद्धा घरफोडीच. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे कलम 330 मध्ये आहे. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ कायदा सांगतोय की फोडायला हातोडाच लागतो असं नाही, किल्लीनंही घर फुटतं. आमच्या घरापुरतं तर हे शब्दशः खरं झालं. भिंती सगळ्या उभ्या आहेत, घर फुटलं.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट दिसली आणि जरा हसू आलं. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, राहत्या घरातल्या चोरीला सात. आणि शिवाय नोकरानं मालकाच्या वस्तूची चोरी केली तर त्यासाठी वेगळं कलम, पूर्वी 381, आता 306, तिथेही सात वर्षं. "नोकरानं केलेली चोरी" असं कलम आहे, "पुतण्यानं केलेली चोरी" असं नाही! इंग्रजांनी कायदा केला तेव्हा साहेबाच्या डोळ्यांसमोर खानसामा असणार, दुसरं काय.

बाहेरच्या देशांत काय करतात हेही पाहिलं. जर्मनीच्या दंड संहितेत कलम 247 आहे. चोर जर नातेवाईक असेल किंवा एकाच घरात राहणारा असेल, तर ज्याची वस्तू गेली त्यानं स्वतः मागणी केल्याशिवाय खटलाच चालत नाही. फ्रान्समध्ये तर आईबाप-मुलं आणि नवरा-बायको यांच्यातल्या चोरीवर काही अपवाद सोडले तर खटला भरत नाहीत. आमच्या काकांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "बघ, शहाणे लोक आहेत!" पण नीट बघा. जर्मन कायद्यातही ठरवण्याचा हक्क कुणाला आहे? ज्याचं गेलं त्याला. भावकीच्या बैठकीला नाही.

चौथा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जास्त लागला. "गुरुजी, तुम्ही तरी डोळे झाकून किल्ली दिलीच कशी?"

म्हणजे शेवटी चूक अण्णांची! पंचाहत्तरीच्या माणसानं, ज्याची पोरं गावात नाहीत, डोळ्याला दिसत नाही, त्यानं किल्ली द्यायची कुणाला? विश्वास ठेवणं हा काही भोळेपणा नव्हता, ती गरज होती. आणि त्या मुलानंही तो विश्वास कितीतरी वर्षं सांभाळला होता. चोरी झाली ती चोरी करणाऱ्यामुळे. एवढं साधं वाक्य आपल्याकडे पूर्ण का म्हटलं जात नाही कुणास ठाऊक. बाईची छेड निघाली तर ती तिथे गेलीच कशाला, आणि म्हाताऱ्याचं घर लुटलं तर त्यानं किल्ली दिलीच कशाला. एकच सवय आहे ही.

असो. आता थोडं वेगळ्या वाटेनं.

आमचा तालुका गंगाखेड, म्हणजे संत जनाबाईचं गाव. गोदाकाठी तिचं मंदिर आहे. लहानपणापासून तिच्या कथा ऐकत आलो. दळण, कांडण, शेणी वेचणं, आणि मदतीला येणारा विठ्ठल. पण तिच्या कथांमधली एक कथा मला या प्रकरणानंतर वेगळीच ऐकू यायला लागली. लोककथा अशी की देव रात्री जनीकडे आला, पहाटे काकड्याची वेळ झाली म्हणून घाईत निघाला, आणि आपला शेला, पदक तिथेच विसरून तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवाच्या अंगावर पदक नाही. शोधाशोध झाली, आणि ते सापडलं जनीच्या घरी. झालं! दासीनं देवाचं पदक चोरलं. तिला सुळावर द्यायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेलं, आणि सुळाचं पाणी झालं.

कीर्तनात हे ऐकताना सगळे सुळाचं पाणी झालं तिथे टाळ्या वाजवतात. मी आता त्याच्या आधी अडकते. पदक हरवल्याबरोबर कुणाच्या घरात शोधलं? नामदेवांच्या घरच्या दासीच्या. तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं? नाही. नामदेवाची दासी म्हणवून घेणारी, गंगाखेडहून लहानपणी परक्या घरी कामाला गेलेली पोर ती. तिला वाचवायला साक्षात देवाला यावं लागलं. आमच्या भांडीवाल्या मावशींसाठी कोण येणार होतं? सातशे वर्षांत आपण कथा पाठ केली, पण संशयाची यादी तीच ठेवली.

कथा सोडा, इतिहास घ्या. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मालाच आलं की माणूस चोर! स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो रद्द झाला, कागदावरून. मनातून गेला का? लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या "उचल्या"ला 1988 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं पुस्तक. वाचलं नसेल तर जरूर वाचा. मग कळेल की चोरी कुठेही झाली तरी पोलीस आणि गाव आधी कुठल्या वस्तीत शिरतात. आमच्याकडेही त्या संध्याकाळी एकजण म्हणालाच होता, "पारध्यांच्या पालावर बघून या आधी." माळावरच्या त्या पालांतल्या कुणीही आमचा उंबरा कधी ओलांडलेला नव्हता.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर म्हणाल एकांगी लिहिते.

नोकरांकडून गुन्हे होतच नाहीत, असं मी म्हणत नाही. पुण्यात राहते मी. 26 ऑगस्ट 1994 ला कोथरूडमध्ये राठी कुटुंबातल्या सात जणांची लुटीसाठी हत्या झाली, त्यात लहान मुलंही होती. आरोपींतला एक जण त्यांच्याच मिठाईच्या दुकानात काम केलेला होता. जुने पुणेकर आजही ती आठवण काढताना आवाज खाली आणतात. त्यातल्या एका आरोपीचं वय गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षं सहा महिने होतं, असं मान्य करून सर्वोच्च न्यायालयानं त्याला मार्च 2023 मध्ये मुक्त केलं, 28 वर्षं तुरुंगात काढल्यावर. म्हणजे भीती पोकळ नाही. पण भीती खरी आहे म्हणून तिला दिशाही बरोबरच असते असं नाही. आत शिरायला ओळख लागते, आणि ओळख नोकराची असते तशी आप्ताचीही असते. अगदी आई भवानीचं घरसुद्धा याला अपवाद नाही. तुळजापूरच्या मंदिराच्या खजिन्यातली जुनी नाणी आणि दागिने गायब झाल्याप्रकरणी 2020 मध्ये गुन्हा दाखल झाला, तो बाहेरच्या कुणा दरोडेखोरावर नव्हे, मंदिराच्याच माजी धार्मिक व्यवस्थापकावर. आरोपाचं काय ते न्यायालय ठरवेल. मी एवढंच म्हणते, की तिथे निदान किल्ली कुणाकडे होती हा प्रश्न विचारला गेला.

मग करायचं काय? सगळ्यांवरच संशय? तसं जगता येत नाही. आईनं पहिले दोन महिने तसं करून पाहिलं. किल्ल्या कमरेला, दर तासाला पेटी उघडून बघायची, पाणी मागायला आलेल्या पोरालाही ओसरीवरच थांबवायचं. चोरानं नेलं त्यापेक्षा ते जास्त होतं. हे मला बघवलं नाही.

आम्ही जे केलं ते अगदी साधं आहे, कुणाला उपयोगी पडलं तर पडो.

दागिने गंगाखेडच्या बँकेच्या लॉकरमध्ये. लग्नकार्याला काढायचे, परत ठेवायचे. प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि वजन लिहून ठेवलं. आईच्या बोरमाळेला पावती कुठून असणार, ती तिच्या लग्नातली. ओळख पटवायला शेवटी 1974 सालचा लग्नातला फोटो उपयोगी पडला, त्यात ती गळ्यात दिसते! मालाचे पैसे रोखीत घ्यायचे नाहीत, खात्यावरच. आणि किल्ली एकाकडे नाही, दोघांकडे. एक शेजारच्या आत्यांकडे, दुसरी सालगड्याकडे. हो, सालगड्याकडे. अण्णांचा निर्णय. गावानं भुवया उंचावल्या. अण्णा म्हणाले, नऊ सालं त्यानं माझ्या धान्याच्या पोत्यांवर झोप काढली आहे.

जप्त दागिन्यांबद्दलही सांगून ठेवते, कारण लोक या भीतीनं तक्रारच करत नाहीत की "पोलिसांत गेलं की सोनं वर्षानुवर्षं तिथेच पडतं". सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की जप्त मुद्देमाल विनाकारण ठाण्यात ठेवू नये, पंचनामा करून, फोटो काढून, हमी घेऊन मालकाला परत द्यावा. न्यायालयात अर्ज करायचा, सुपूर्दनामा लिहून द्यायचा. आईला दागिने खटला संपण्याआधीच मिळाले. विकायचे नाहीत, मोडायचे नाहीत, बोलावलं की हजर करायचे, एवढी अट.

राहता राहिलं नातं. दागिना सुपूर्दनाम्यावर परत मिळतो, नातं मिळत नाही. त्या मुलाची आई आणि माझी आई, तीस वर्षांच्या जावा, आता एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. पापड-कुरडयांना दोघी मिळून बसायच्या, तेही गेलं. आईला सोन्यापेक्षा याचं जास्त वाटतं. खटला चालू आहे. तो मुलगा जामिनावर आहे, लातूरला कुठल्याशा दुकानात कामाला लागलाय असं ऐकते.

आईनं त्याला माफ केलंय. तिनं तसं स्पष्ट बोलून दाखवलं, अण्णांच्या समोर. "पोरगं आहे, चुकलं. पण तक्रार केली ती बरोबर केली." मला वाटतं या दोन वाक्यांत सगळं आलं. आपण माफी आणि तक्रार यांना उगाच एकमेकांच्या विरुद्ध उभं करतो. माफी ही आईची खाजगी गोष्ट, ती तिनं तिच्या मनानं, तिच्या वेळेला दिली. बैठकीत कुणी मागून घेतलेली नाही. आणि तक्रार ही तिच्या एकटीची नव्हतीच. ती भांडीवाल्या मावशींची होती, सालगड्याची होती, पालावरच्या त्या माणसांची होती, ज्यांना खरं नाव बाहेर आल्यावाचून सुटका नव्हती.

मावशींना त्या सुटलेल्या दोन घरांपैकी एकानं परत बोलावलं. दुसऱ्यानं नाही. "आता दुसरी बाई लावली" म्हणे. चोर सापडून इतके महिने झाले तरी.

तेव्हा भावकीतल्या ज्यांना हे वाचून राग येईल, त्यांना एवढंच सांगते. त्या मुलाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. त्यानं नवीन सुरुवात केली तर सगळ्यात आधी मला आनंद होईल. पण त्या संध्याकाळी आपल्या ओसरीवर बसून आपण ज्या दोघांची नावं घेतली, त्यांच्या दारी जाऊन "आमचं चुकलं" म्हणायला बैठकीतलं कोण कोण गेलं, हे मला जरूर कळवा. मी वाट बघतेय.